स्कॅनमधला दाणा नक्की कुणाचा?

जुन्या निगेटिव्ह स्कॅन झाल्या की पहिली तक्रार ठरलेली: "फोटो फुटतोय, नॉइज काढून द्या." कोल्हापुरात सिनेमा कंपन्या आणि फोटो स्टुडिओ उभे राहिले, त्या काळात ही तक्रार नव्हती. काचेच्या प्लेटवरून प्लेटच्याच मापाचा प्रिंट निघे, त्यामुळे दाणा, म्हणजे फिल्मवर चित्र घडवणारे बारीक ठिपके, मोठा होतच नसे. पुढे बारा फोटोंचा १२० चा रोल आला, मग छत्तीसचा ३५ मिमी. फ्रेम २४ बाय ३६ मिमीवर आली, तरी मिनीलॅबचा (रोल धुऊन प्रिंट काढून देणाऱ्या यंत्राचा) चार बाय सहा इंची प्रिंट म्हणजे जेमतेम चौपट चित्र. त्यात दाणा लपून जाई.

स्कॅनरने हे गणित मोडलं. ४००० डीपीआयला (दर इंचाला ४००० ठिपके) ३५ मिमीची फ्रेम सुमारे ५६०० पिक्सेल रुंद होते. साध्या मॉनिटरवर ती शंभर टक्क्यांना उघडली, की आपण जवळपास पाच फुटी प्रिंट हातभर अंतरावरून पाहत असतो.

खरा घोळ 'नॉइज' या शब्दाचा आहे. एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिला, फिल्मचा स्वतःचा दाणा: कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचे कण, रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन गेल्यावर उरलेले रंगाचे पुंजके. दुसरा, स्कॅनरच्या सेन्सरचा नॉइज. निगेटिव्हमध्ये पांढरा सदरा किंवा रंकाळ्यावरचं आभाळ हा सगळ्यात दाट भाग असतो. तिथून प्रकाश कमी येतो, म्हणून हा नॉइज तिथेच उठतो. स्लाइडमध्ये उलट, तो सावल्यांत दिसतो. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर निळा प्रकाश सर्वाधिक अडवतो, त्यामुळे निळा चॅनल (चित्रातली निळ्या रंगाची वेगळी नोंद) सगळ्यात खराब निघतो. त्याला वेगळं, जास्त एक्स्पोजर द्यावं लागतं. तिसरा प्रकार फसवा: २४००–२७०० डीपीआयच्या आसपास दाणा आणि पिक्सेल यांचं माप जमत नाही आणि दाणा असतो त्याहून जाड दिसतो. इथे उपाय एकच, जास्त रिझोल्यूशनला स्कॅन करून मग माप कमी करणं.

ओळखायची रीत सोपी आहे. फ्रेम न हलवता लागोपाठ दोनदा स्कॅन करा, दोन्ही लेयर एकावर एक ठेवा आणि वरचा चालू-बंद करून पाहा. जागचा हलत नाही तो फिल्मचा दाणा, दर वेळी जागा बदलतो तो स्कॅनरचा नॉइज. सोळा वेळा वाचून सरासरी काढली, की हा स्कॅनरचा नॉइज एक चतुर्थांशावर येतो. दाणा तसूभरही घटत नाही, कारण तो चित्राचाच भाग आहे.

ही फोड न करताच स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'दाणे कमी करा' असा पर्याय आला आणि बऱ्याच ठिकाणी तो कायम चालूच राहिला. दाणा काढावा की ठेवावा, हा वाद इथूनचा. चार बाय सहाच्या प्रिंटसाठी तो चालतो, पण जपून ठेवायच्या फाइलवर तो लावणं ही चूकच. इन्फ्रारेडने धूळ काढण्याचंही तसंच: रंगीत निगेटिव्हवर उत्तम, कृष्णधवलवर बंदच हवं. चांदी इन्फ्रारेड अडवते आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून पुसतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजून पाकिटाला चिकटलेल्या निगेटिव्हवरचे व्रण यांतल्या कशातच बसत नाहीत. ते हातानेच, टचिंग करून भरावे लागतात.

अलीकडची एआयवर चालणारी साधनं बहुतेक डिजिटल कॅमेऱ्याच्या नॉइजवर शिकलेली आहेत. फिल्मचा दाणा त्यांना एकतर तपशील वाटतो, नाहीतर त्याच्यासोबत तपशीलही जातो. लग्नाच्या फोटोत कोल्हापुरी साजाचे मणी आणि दाणा जवळपास एकाच मापाचे असतात. फिल्टर जोरात लावला की मणी एकमेकांत मिसळून गळ्यात नुसती पिवळी पट्टी उरते. म्हणून शार्पनिंग (कडा ठळक करणं) बंद ठेवून १६ बिटमध्ये, म्हणजे छटांच्या बारीक पायऱ्या टिकवून, टिफ (चित्र न दाबता साठवणारी फाइल) काढावी, आधी धूळ पुसावी, नॉइज फक्त रंगाच्या चॅनलमधून कमी करावा, उजेडाच्या चॅनलला शक्यतो हात लावू नये. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, प्रिंटचं माप ठरल्यावर. मूळ टिफ मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये, न छेडता.