एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओतील दृश्यदोष

संपादनाच्या टाइमलाइनवर नीट दिसणारा व्हिडिओ फाइल होऊन बाहेर पडल्यावर त्यात दिसणारी विकृती. चित्रात चौकोन पडणे, एखादी हिरवी किंवा काळी फ्रेम चमकून जाणे, आकाशात पट्टे उमटणे, कडा दातेरी होणे, रंग फिके पडणे ही तिची नेहमीची रूपे. पुण्यात लग्ने, नाटके, पालखी नि गणेशोत्सव यांचे चित्रण करणारे ‘व्हिडिओ फुटला’ एवढ्यावर हे सगळे भागवतात आणि उपायही बहुधा एकच करतात : एक्स्पोर्ट पुन्हा लावायचा. दोन तासांच्या लग्नासाठी हा उपाय रात्र खातो, आणि बऱ्याचदा दोष जिथल्या तिथे राहतो.

निदान : आधी ती फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये, जमल्यास दुसऱ्या मशीनवर चालवून पाहावी. तिथे दोष दिसला नाही तर फाइल निर्दोष आहे. गडबड प्लेअरची किंवा त्याच्या हार्डवेअर डीकोडिंगची, म्हणजे दाबलेला व्हिडिओ ग्राफिक्स चिपकडून उलगडून घेण्याची. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ते बंद करता येते. दोष तिथेही दिसला तर त्याची वेळ टिपून टाइमलाइनवरचा तेवढाच दहा सेकंदांचा तुकडा दोनदा एक्स्पोर्ट करावा. दोन्ही वेळा त्याच फ्रेमला बिघाड आला, तर मूळ क्लिप, तिच्यावर लावलेला इफेक्ट किंवा जुनी कॅश फाइल (प्रोग्रॅमने वेग वाढवण्यासाठी साठवलेली तात्पुरती प्रत) यांपैकी कोणीतरी गुन्हेगार आहे. बिघाड जागा बदलत राहिला, तर संशय मशीनवर : ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, रॅम किंवा उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो तेव्हा एसी नसलेल्या खोलीतले कार्ड तासाभराच्या रेंडरनंतर (फ्रेम तयार करण्याच्या कामानंतर) असे चाळे करू शकते. हार्डवेअर एन्कोडिंग (ग्राफिक्स कार्डाकडून व्हिडिओ दाबून घेणे) बंद करून सॉफ्टवेअर एन्कोडिंगवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर, तोच तुकडा काढला की प्रश्न बराचसा सुटतो; वेळ जास्त लागतो, पण खात्री पटते.

एका फ्रेममधला बिघाड पुढे पसरतो, याचे कारण कॉम्प्रेशनच्या रचनेत आहे. व्हिडिओ दाबण्याची २००३ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत एच.२६४ आणि २०१३ ची एच.२६५ या प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते. मधल्या फ्रेममध्ये मुख्यतः आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक लिहिलेला असतो. म्हणून मधला थोडा डेटा खराब झाला तरी पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चित्र विस्कटलेलेच राहते. हिरव्या फ्रेमचे कारणही असेच. व्हिडिओत रंग हे उजेड आणि रंगफरक अशा वेगळ्या आकड्यांत असतात, आठ बिटांत रंगफरकाचा तटस्थ आकडा १२८ असतो. डेटा न मिळाल्याने सगळीकडे शून्य राहिले की पडद्यावर काळा नव्हे, हिरवा उमटतो.

गुलाल आणि भंडारा : पुण्याच्या परिसरातल्या चित्रणाची ही खरी परीक्षा. मुलाखत देणारा माणूस खुर्चीत बसलेला असताना फ्रेमागणिक फार तर ओठ आणि हात हलतात, त्यामुळे थोड्या बिटरेटमध्ये (दर सेकंदाला खर्च होणाऱ्या डेटात) काम भागते. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकावर गुलालाची उधळण झाली, किंवा जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा उडाला, की हजारो कण प्रत्येक फ्रेमला नव्या जागी असतात. आधीच्या फ्रेमवरून पुढची ओळखण्याची सोय संपते. ठरवून दिलेला बिटरेट पुरत नाही, एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा प्रोग्रॅम) बारीक तपशील टाकून देतो, आणि एच.२६४ च्या १६ × १६ पिक्सेलच्या ठोकळ्यांच्या कडा उघड्या पडतात. त्या मऊ करणारी चाळणी या प्रमाणकातच आहे, पण तिच्यामुळे उडत्या गुलालाचा गुलाबी चिखल होतो. ढोलाच्या दोऱ्या आणि झेंड्यांची शिवण त्यात आधी जाते.

यूट्यूब १०८० रिझोल्यूशनच्या २५ किंवा ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओसाठी ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) बिटरेट सुचवते. मुलाखतीला ते पुरते, गुलालाला नाही. अशा चित्रणासाठी स्थिर बिटरेटऐवजी स्थिर दर्जा धरावा : एक्स२६४ या एच.२६४ च्या एन्कोडरमध्ये सीआरएफचा, म्हणजे दर्जा ठरवणाऱ्या आकड्याचा (कमी आकडा, चांगला दर्जा), नेहमीचा आकडा २३ असतो, तो १८ वर आणला तर फाइल फुगते पण कण टिकतात. यूट्यूब ती पुन्हा दाबणारच, तेव्हा त्याला भरपूर डेटा द्यावा हे बरे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ पाहून एक्स्पोर्टला दोष देणे मात्र अन्यायाचे आहे; तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवून मगच ठरवावे.

पट्टे आणि फिके रंग : नाटकाच्या चित्रणात मागच्या पडद्यावरचा निळा उजेड हळूहळू काळोखात जातो. आठ बिटांत प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या मिळतात, त्यामुळे त्या उजेडात कंगोरे दिसतात. दहा बिटांत पायऱ्या १,०२४ होतात. पण मूळ चित्रणच आठ बिटांचे असेल तर नुसता दहा बिटांचा एक्स्पोर्ट काही आणून देत नाही. थोडा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) मिसळणे अधिक उपयोगी. काळा रंग राखाडी झाला तर उजेडाचे आकडे १६ ते २३५ मध्ये ठेवायचे की ० ते २५५ मध्ये, या दोन मर्यादांची गल्लत झालेली असते.

कॅमेऱ्यातूनच आलेले दोष : काही दोषांना एक्स्पोर्ट जबाबदार नसतो. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मांडवात सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याच्या वेळेवर) चित्रण केले की सरकते पट्टे येतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवल्यास ते टळतात, नंतर संपादनात मात्र पूर्ण पुसले जात नाहीत. फोनच्या चित्रणाचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) बहुधा बदलता असतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो स्थिर करून घेतल्याशिवाय टाइमलाइनवर टाकू नये. लग्नाच्या जुन्या डीव्ही टेपांत सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) असतात आणि खालचे फील्ड आधी येते. सेटिंगमध्ये वरचे आधी निवडले तर हालचाल मागेपुढे थरथरते.

फाइल अजिबात न उघडणे हा प्रकार वेगळा. एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, म्हणून वीज गेली वा प्रोग्रॅम बंद पडला तर आत चित्रे असूनही फाइल निरुपयोगी ठरते. पेनड्राइव्ह फॅट३२ चा असल्यास ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि कॉपी संपण्याआधी तो ओढून काढला तर ग्राहकाकडे पोहोचते ती अर्धवट प्रत.