फुलदाणी उचलली की दिवा विझे

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडच्या डोंगरउतारावर क्रॅगसाइड नावाचा वाडा आहे. उतरती छपरं, उंच धुराडी, लाकडी पट्ट्यांच्या भिंती. बघणाऱ्याला वाटावं, तीनशे वर्षं जुना असेल. प्रत्यक्षात १८६३ साली इथे एक साधं घर बांधायला घेतलं आणि १८६९पासून वास्तुरचनाकार नॉर्मन शॉने ते वाढवत नेलं. म्हातारपण मुद्दाम आणलेलं.

आत मात्र उलटा प्रकार. मालक विल्यम आर्मस्ट्राँग पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या (क्रेन) बनवून पुढे आला. नंतर तोफांनी त्याची तिजोरी भरली, हेही सांगायला हवं. असल्या वाड्यांत कोळसा वर चढवायला नोकरांचे खांदे असत. इथे पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट होती. स्वयंपाकघरात मांस भाजायची सळईसुद्धा पाणीच फिरवी.

१८७८मध्ये त्याने पाण्यापासून केलेल्या विजेवर चित्रदालनात कार्बनचा ठिणगीदिवा (आर्क लॅम्प) लावला. त्याचा उजेड डोळे दिपवणारा. मग १८८०च्या डिसेंबरात इंग्रज संशोधक जोसेफ स्वानचे काचेचे दिवे, म्हणजे विजेचे बल्ब, आले. सुमारे सहा अश्वशक्तीच्या टर्बाइनवर, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या चक्रावर, चालणारा वीज बनवणारा डायनॅमो वाड्यापासून जवळजवळ दीड किलोमीटरवर होता आणि पाण्याला उतार मिळे अवघा नऊ मीटर. एक लीटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं तर जेमतेम ८८ ज्यूल ऊर्जा देतं. म्हणजे सहा अश्वशक्तीसाठी, काहीच वाया जात नाही असं धरलं तरी, सेकंदाला पन्नास लीटर पाणी हवं. दर सेकंदाला तीन-चार बादल्या!

सगळ्यात गंमत वाचनालयात. तिथे चार दिवे तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर बसवले होते. फुलदाणी ज्या बैठकीवर ठेवत, तिच्या मधोमध पाऱ्याची छोटी वाटी. फुलदाणीच्या तळातून डोकावणारी तार त्या पाऱ्यात बुडली की वीज दिव्यापर्यंत चढे आणि फुलदाणीच्या तांब्यातूनच खाली परते. फुलदाणी उचलली की दिवा विझे, ठेवली की पुन्हा लागे. उघडा पारा घरात ठेवायला आज कोणी धजणार नाही, पण तेव्हा ती भलतीच सोयीची युक्ती होती.

घरात एकूण ४५ दिवे, पण एका वेळी ३७च्या वर लागतच नसत. वीज या खोलीतून त्या खोलीत वळवली जाई. मंडळी उठून दुसरीकडे गेली की उजेडही त्यांच्यामागून निघे.