कुमार गंधर्व

कुमार गंधर्व (८ एप्रिल १९२४ – १२ जानेवारी १९९२). हिंदुस्थानी ख्यालगायक, बंदिशकार (रागात बांधलेल्या गीतांचे रचनाकार) व संगीतगुरू. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी, कन्नडभाषक लिंगायत कुटुंबात. सुळेभावी हे मिरज–लोंढा लोहमार्गावरील स्थानक आहे. आडनाव मराठी लेखनात कोमकळी व कोमकली अशा दोन्ही रूपांत येते. कोमकळीमठ हे रूपही आढळते आणि तेच मूळच्या जवळचे असावे. हिरेमठ, चिक्कमठ यांसारखी मठान्त आडनावे या भागातील जंगम (लिंगायतांतील पुरोहित) घराण्यांत सर्रास असतात. शेवटचा ‘मठ’ गळून उरलेला भाग आडनाव म्हणून रूढ झाला, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळतो.

वडील सिद्धरामय्या स्वतः गात असत. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना अचानक गाऊ लागला आणि नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गळ्यातून उतरवू लागला, अशी हकीकत जवळपास सर्व चरित्रपर लेखनात येते. वयाचा आकडा मात्र लेखकागणिक बदलतो. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी याच सुमारास, एका लिंगायत मठाच्या स्वामींनी मुलाचे गाणे ऐकून दिली. बालगंधर्व आणि सवाई गंधर्व ही नावे तेव्हा या टापूत घरोघर माहीत होती, हे ध्यानात घेतले की पदवीतील ‘गंधर्व’ शब्दाचे आश्चर्य वाटत नाही. पुढे पदवी हेच नाव झाले.

सुळेभावीच्या एका मुलाच्या कानावर हिंदुस्थानी संगीत इतक्या लहानपणी कसे पडले, या प्रश्नाकडे चरित्रलेखकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. पुढील आयुष्य ज्या माळव्यातील गावी गेले त्या देवासवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि बेळगाव जिल्हा जन्मस्थळाच्या एका ओळीत संपतो. वास्तविक हा सगळा पट्टा तेव्हा मुंबई इलाख्यात होता व १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यातच राहिला. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. नाटक कंपन्यांच्या मुक्कामांमुळे रागदारीची पदे कन्नड घरांतही गायिली जात. मिरज रेल्वेने जोडलेले होते, आणि तेथे ख्यालगायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) स्थायिक झाले होते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाडकडील कुंदगोळचे. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू आणि भीमसेन जोशी हे सर्व याच पिढीच्या मागेपुढे, याच उत्तर कर्नाटकातून आले. घरात कन्नड, रंगभूमीवर मराठी आणि चिजेचे (बंदिशीचे) शब्द ब्रज, असा तिपेडी संस्कार त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आला. कुमारांच्या बाबतीत ग्रामोफोनची तबकडी ही त्यात आणखी एक पाठशाळा ठरली.

वडिलांनी मुलाला घेऊन गावोगाव जलसे केले. १९३६च्या सुमारास मुंबईच्या संगीत परिषदेत कुमारांच्या गायनाने जाणकार चकित झाले. त्यानंतर ते प्रा. बा. र. देवधर (१९०१–९०) यांच्याकडे मुंबईत राहून शिकू लागले. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ऑपेरा हाऊसजवळचे त्यांचे विद्यालय प्रसिद्ध होते. त्यांनी स्वतः निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून चिजा मिळवल्या होत्या व आवाजशास्त्राचाही अभ्यास केला होता. अनुकरणात तरबेज झालेल्या मुलाला स्वतःचे गाणे शोधायला लावणे, हे गुरूचे खरे काम होते. पुढे कुमार त्याच विद्यालयात शिकवूही लागले. गायिका अंजनीबाई मालपेकर यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले.

१९४७ मध्ये त्यांचा विवाह विद्यालयातील विद्यार्थिनी भानुमती कंस यांच्याशी झाला आणि त्याच वर्षी क्षयरोगाचे निदान झाले. कोरड्या हवेसाठी १९४८च्या जानेवारीत ते माळव्यातील देवास येथे गेले. गाण्यास पूर्ण मनाई होती. भानुमतींनी नोकरी करून घर चालवले. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध भारतात मिळू लागल्यावर प्रकृती सुधारली. एक फुप्फुस कायमचे दुबळे राहिले, तरी १९५३च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले.

या आजाराचा आणि गायकीचा संबंध हा वादाचा विषय आहे. कुमारांच्या गाण्यात लांबलचक दमसासाच्या ताना कमी. आखूड, विजेसारख्या चमकून विझणाऱ्या स्वरावली अधिक. मध्ये अर्थपूर्ण विराम. विलंबित (संथ लयीतील) ख्यालापेक्षा मध्य लयीत त्यांचे मन अधिक रमे. निकामी फुप्फुसाने ही शैली त्यांच्यावर लादली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार शैलीची दिशा आधीच ठरलेली होती आणि आजाराने तिला केवळ धार आणली. श्वास कमी असलेला गायक तार षड्जावर (वरच्या सप्तकातील ‘सा’वर) अशा त्वेषाने, अशा भरीव सुरात जाऊन थांबू शकत नाही, हा या पक्षाचा युक्तिवाद वजनदार आहे. शिवाय विराम कोठे घ्यायचा याचा निर्णय त्यांच्या गाण्यात बंदिशीच्या शब्दावर ठरतो. दमाचा हिशेब तेथे दिसत नाही. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे.

देवासच्या अंथरुणावर पडल्या पडल्या कानी आलेली माळव्यातील लोकगीते हा त्यांच्या विचाराचा दुसरा पाया. बाया गात असलेल्या धुना त्यांनी जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि त्यांतून ‘धुनउगम’ राग सिद्ध केले. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार, मघवा, राही, अहिमोहिनी, मधसुरजा, निंदियारी हे त्यांपैकी प्रसिद्ध. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने बांधलेला गांधीमल्हार यांत धरू नये. त्याची प्रेरणा वेगळी आहे.

‘धुनउगम’ या संज्ञेचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. नवा राग करण्याची रूढ रीत म्हणजे जोडराग. त्यात दोन सिद्ध रागांची अंगे घेऊन त्यांचा सांधा जुळवतात, आणि कसब असते ते सांध्यात. लोकधून बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते. तिला आरोह-अवरोहाचा नियम नसतो, वादी-संवादी (प्रमुख व त्याला पूरक स्वर) कोणी ठरवलेला नसतो. परंतु एक स्वराकृती पुन्हा पुन्हा येते आणि ती ऐकताच ओळख पटते. कुमारांनी ही आकृती बीज मानली. तिच्यातील स्वरांचे परस्परांशी असलेले नाते न मोडता सप्तकात ते कोठवर नेता येते, हे त्यांनी तपासले. सर्व राग मूलतः लोकधुनांतून निघाले असले पाहिजेत, ही त्यांची धारणा होती. मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या प्राचीन संगीतग्रंथापासून ‘देशी’ म्हणजे प्रादेशिक संगीताची स्वतंत्र चर्चा आहे. सोरठ, गुर्जरी, मांड, पहाडी अशी रागनामेही प्रदेशांची किंवा भूभागाची खूण सांगतात. कुमारांच्या धारणेला दुजोरा म्हणून ती पुढे केली जातात, पण नावावरून उत्पत्ती सिद्ध होत नाही. टीकाकारांचा आक्षेप निराळा आहे: चार स्वरांची धून सप्तकभर पसरली की वाढलेला भाग गायकाचाच, मग राग धुनेतून आला असे का म्हणावे? उत्तर संज्ञेतच आहे. ‘उगम’ म्हणजे नदीचे मूळ. खालचे पात्र वेगळे असणारच. संजारी ऐकताना धुनेचा झोक आणि रागाची शिस्त दोन्ही एकाच वेळी जाणवतात, आणि त्यातच या प्रयोगाचे यश आहे.

स्वरचित व पारंपरिक बंदिशींचा त्यांचा संग्रह ‘अनूपरागविलास’ या नावाने मौज प्रकाशनाने १९६५ मध्ये काढला. दुसरा भाग १९९३ मध्ये आला. देवासच्या शीलनाथ महाराजांच्या धुनीवर (साधूच्या अग्निस्थानी) ऐकलेल्या नाथपंथी गायनातून त्यांची निर्गुणी (निराकार ईश्वराच्या) भजनांची गायकी आकारली. गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत, त्रिवेणी, तुकाराम दर्शन, मला उमजलेले बालगंधर्व हे विषयबद्ध कार्यक्रम गाजले. मराठी श्रोत्यांत ‘ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी’ (वाणी जयराम यांच्यासह) व ‘अजुनि रुसुनि आहे’ ही गीते घरोघर पोहोचली.

घराणे कोणते, या प्रश्नाला त्यांच्याबाबत एकशब्दी उत्तर नाही. गुरुपरंपरेने ग्वाल्हेर; बंदिशीला मध्यवर्ती स्थान देण्याची वृत्तीही ग्वाल्हेरचीच. बाकी मांडणी कोणत्याही घराण्याच्या चौकटीत बसत नाही.

गुरू म्हणून त्यांनी मोठी संस्था काढली नाही. देवासच्या ‘भानुकुल’ या घरी शिष्य राहून शिकत. तंबोरे अचूक जुळवण्यावर त्यांचा विलक्षण कटाक्ष असे. तंबोऱ्यातून रागाचा स्वर ऐकू येईपर्यंत गाण्यास सुरुवात होत नसे, आणि शिष्याच्या दृष्टीने तोच पहिला पाठ. भानुमती १९६१ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर त्यांनी शिष्या वसुंधरा श्रीखंडे (१९३१–२०१५) यांच्याशी विवाह केला. वसुंधरा कोमकली, पुत्र मुकुल शिवपुत्र, कन्या कलापिनी कोमकली, तसेच सत्यशील देशपांडे, मधुप मुद्गल, विजय सरदेशमुख हे त्यांचे प्रमुख शिष्य. पद्मभूषण (१९७७) व पद्मविभूषण (१९९०) हे सन्मान त्यांना मिळाले. निधन देवास येथे. बेळगावातील नेहरूनगर भागात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे.