इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालताय? आधी सीक्यूसीचा रिपोर्ट बघा, मग फॉर्म भरा

नवीन घरात आलं की बँक, काउन्सिल टॅक्स, पोरांची शाळा या गडबडीत जीपीकडे (म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायचं राहून जातं आणि मग कोणी आजारी पडलं की धावपळ होते, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात उरकून टाका. पण उरकताना घराजवळ दिसली ती पहिली प्रॅक्टिस (म्हणजे जीपीचा दवाखाना) पकडू नका, त्याआधी तिचा तपासणी रिपोर्ट वाचा हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे, कारण तो फुकट आहे, सगळ्यांसाठी खुला आहे आणि तरी आपली बहुतेक मंडळी तो उघडतच नाहीत.

ही तपासणी करतं सीक्यूसी, म्हणजे केअर क्वालिटी कमिशन. २००९ पासून इंग्लंडमधली हॉस्पिटलं, केअर होम्स यांच्यावर त्यांची देखरेख आहे आणि एप्रिल २०१३ पासून जीपी प्रॅक्टिसनाही त्यांच्याकडे रजिस्टर व्हावंच लागतं. (हे फक्त इंग्लंडचं, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये वेगळ्या संस्था आहेत.) तपासताना पाच गोष्टी बघतात: पेशंट सुरक्षित आहे का, उपचारांचा खरंच उपयोग होतो का, वागणूक आपुलकीची आहे का, लोकांच्या गरजेप्रमाणे सेवा मिळते का आणि सगळा कारभार नीट चालवला जातो का. त्यावरून चारपैकी एक शेरा मिळतो, आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनअॅडिक्वेट. हा शेरा प्रॅक्टिसला आपल्या जागेत आणि वेबसाइटवर लोकांना दिसेल असा लावावाच लागतो, आणि पूर्ण रिपोर्ट सीक्यूसीच्या साइटवर प्रॅक्टिसचं नाव किंवा पोस्टकोड टाकला की सापडतो.

आता रिपोर्ट वाचायचा कसा. वरचा शेरा बघून बंद करू नका, खाली उतरा, खरी माहिती तिथेच असते. टीममध्ये इन्स्पेक्टरसोबत सल्लागार म्हणून एक जीपी डॉक्टरही असतो आणि ते अगदी बारीकसारीक बघतात, लसींचा फ्रिज २ ते ८ डिग्रीत राहतो का आणि त्याची नोंद रोज होते का, इमर्जन्सीची औषधं आहेत का आणि मुदतीत आहेत का, स्टाफ घेताना त्यांची पार्श्वभूमी तपासली का. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते औषधांवरचं लक्ष. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेटसारखं औषध चालू असेल तर ठरलेल्या वेळी रक्त तपासावं लागतं, ते न बघता प्रॅक्टिस नुसती प्रिस्क्रिप्शन देत राहते का हे इन्स्पेक्टर कॉम्प्युटरवरच्या नोंदींतून शोधून काढतात. घरात संधिवात, थायरॉइड, डायबेटिस असं कायमचं काही असेल तर तो भाग दोनदा वाचा. बाळ लहान असेल तर लसीकरणाचे आकडे बघा, डब्ल्यूएचओचं उद्दिष्ट ९५ टक्के आहे, त्याच्याशी ते ताडलेले असतात.

आणि तारीख नक्की बघा. तपासणी दरवर्षी होत नाही, काही शेरे बरेच जुने असतात, आणि २०२४ मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालाने सीक्यूसीच्याच कामातल्या गंभीर त्रुटी दाखवल्या, त्यात तपासण्या वेळेवर न होणं हाही मुद्दा होता. म्हणून जुन्या गुडवर डोळे झाकून विसंबू नका, सोबत जीपी पेशंट सर्व्हेचे निकालही बघा, फोन लागतो का, अपॉइंटमेंट मिळते का हे तिथे कळतं.

प्रॅक्टिस ठरली की नोंदणी. पात्रतेचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये राहणारं कोणीही नाव घालू शकतं, व्हिसा कुठला आहे त्याने फरक पडत नाही आणि पैसे लागत नाहीत. फॉर्म ऑनलाइन भरता येतो किंवा प्रॅक्टिसमध्ये जाऊन कागदावर. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) नंबर यातलं काहीही सक्तीचं नाही, असेल तर काम सोपं होतं एवढंच, पण रिसेप्शनवर कोणी याच कारणाने परत पाठवत असेल तर हा एनएचएसचाच नियम आहे असं शांतपणे सांगा. पेशंटची यादी भरलीय किंवा तुम्ही त्यांच्या हद्दीबाहेर राहता अशा कारणाने ते नाही म्हणू शकतात, मात्र कारण १४ दिवसांत लेखी द्यावं लागतं. भारतातून आणायचे कागद म्हणजे मुलांचं लसीकरणाचं कार्ड आणि चालू औषधांची यादी, आणि त्या यादीत गोळीच्या ब्रँडसोबत आतल्या औषधाचं मूळ नाव हवंच, कारण आपल्याकडचे ब्रँड इथल्या डॉक्टरांना माहीत नसतात.

आईबाबा भेटायला आले असतील आणि मुक्काम तीन महिन्यांच्या आत असेल तर तात्पुरती नोंदणी होते. जीपीने तपासण्याचे पैसे पडत नाहीत, पण व्हिजिटर व्हिसावर पुढे हॉस्पिटलचे उपचार लागले तर एनएचएसच्या दराच्या १५० टक्के बिल येऊ शकतं, तेव्हा इन्शुरन्स काढूनच त्यांना बोलवा. त्यांना इंग्रजी जमत नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा, त्याचेही पैसे नाहीत. नातवंडांना मध्ये बसवून आजीच्या दुखण्याचं भाषांतर करायला लावू नका प्लीज, बऱ्याच गोष्टी आजी त्यांच्यासमोर बोलतच नाही.

नंतर काही बिनसलं तर तक्रार आधी प्रॅक्टिस मॅनेजरकडे करायची, किंवा थेट तुमच्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे (तिथल्या एनएचएस सेवांचं काम बघणारी संस्था), साधारण १२ महिन्यांच्या आत. एकदा यातल्या एकाकडे गेलात की तीच तक्रार दुसऱ्याकडे नव्याने लावता येत नाही. उत्तर पटलं नाही तर पुढे ओम्बड्समन, म्हणजे तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था. सीक्यूसी एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, पण त्यांच्या साइटवर अनुभव जरूर लिहा, नाव न देताही चालतं, कुठे तपासणी करायची हे ठरवताना ते ही माहिती वापरतात. तक्रार केली तर यादीतून काढतील म्हणून आपली बरीच माणसं गप्प बसतात, पण नुसती तक्रार केली एवढ्यावरून प्रॅक्टिसला तुमचं नाव काढता येत नाही.