मेणचट शेगडी धुताना: काय घासावं, कशाला हात लावू नये

दिवाळी आटोपली की आमच्या गॅस शेगडी दुरुस्तीच्या दुकानात ‘बर्नर नीट पेटत नाही’ अशा तक्रारींची रीघ लागते. त्यातल्या बऱ्याच शेगड्या सफाईच्या आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित चालू असतात. धुताना पाणी आत जातं, घासणीची तार भोकात अडकते, नाहीतर मोठा बर्नर लहानाच्या जागी बसतो. म्हणून ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक.

आधी सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्या. काचेची शेगडी असेल तर याची घाई मुळीच नको. तापलेल्या काचेवर ओलं फडकं पडलं तर ती तडकू शकते.

ताजं तेल कोमट साबणाच्या पाण्याने निघतं. तेच तेल वारंवार तापलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे घट्ट होत जातं आणि वार्निशसारखा पिवळा थर धरतो. हा थर ताकदीने घासून जात नाही, तो भिजवावा लागतो. भांडी ठेवायच्या जाळ्या आणि बर्नरखालच्या ताटल्या स्टीलच्या असतील तर लिटरभर कढत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवा. सोडा तेलाशी मिळून थोडा साबणच तयार करतो, त्यामुळे थर सुटतो. हातमोजे घाला. लोखंडी जाळी धुतल्यावर लगेच पुसून कोरडी करा, नाहीतर गंज धरेल.

हा सोडा ॲल्युमिनियमला मात्र चालत नाही, ते काळं पडतं. वजनाला हलके, पांढुरके बर्नर आणि शेगडीच्या आतली नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते. तिथे भांडी घासायचा साधा साबणच बरा.

शेगडीच्या अंगावर पाणी ओतू नका. गरम साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पंधरा मिनिटं पसरून ठेवा. उतू गेलेल्या दुधाचा करपलेला डाग राहिला तर खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप लावा. सोड्यावर व्हिनेगर ओतायची पद्धत हल्ली फार दिसते. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि हाती खारट पाणी उरतं. संडास धुवायचं ॲसिड शेगडीवर नकोच; स्टीलला कायमचे डाग पडतात. तारेची घासणी काचेपासून दूर ठेवा.

पितळी बर्नर लिंबू पिळलेल्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवला की उजळतो. पितळ घासायची पावडर वापरू नका, ती भोकांत बसते. भोकं टाचणीने मोकळी करा. टूथपिकचं टोक आत मोडलं तर काढता काढता नाकी नऊ येतात. मग बर्नर उलटा ठेवून पूर्ण सुकू द्या. ओल राहिली तर ज्योत फडफडते.

जेटला हात लावू नका. जेट म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक पितळी तोंड. त्यात सुई घातली की भोक मोठं होतं, गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडं काळी पडतात. बटण घट्ट झालं म्हणून कॉकमध्ये, म्हणजे बटणामागच्या गॅसच्या चावीत, खोबरेल तेलही सोडू नका. तिथे उष्णता सोसणारं वेगळं ग्रीस लागतं. ही दोन्ही कामं आमच्याकडे द्या.

सिलिंडरपासून शेगडीला येणारी नळी ओल्या फडक्याने पुसा, रॉकेलने नाही. भेगा दिसल्या तर लगेच बदला. सुरक्षा नळी एरवीही पाच वर्षांनी बदलायची असते.

सगळं परत बसवल्यावर रेग्युलेटर चालू करून सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी लावून कधीही तपासू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही.

शेगडी दुकानात आणायची असेल तर नळी सोडण्याआधी रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. बर्नर, जाळ्या आणि बटणं सोबत आणा, म्हणजे ज्योत तुमच्यासमोरच तपासून देता येईल.