खाडा आणि खंड : रोजच्या छोट्या नेमाची पार्श्वभूमी

‘थोडं करा, पण रोज करा’ हा सल्ला फार जुना आहे. आपल्या भाषेत ‘अभ्यास’ या शब्दाचा मूळ अर्थच एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करणं असा होता. पुस्तक आणि परीक्षा त्याला नंतर चिकटल्या. आज ज्या स्वरूपात हा सल्ला आपल्यापर्यंत पोचतो, त्याची घडण मात्र गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली आहे. त्यातही बरीचशी २००७ नंतरची.

१८९० साली एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथात सवयीवर एक प्रकरण आलं. आजचे बहुतेक सल्ले त्यात बीजरूपानं सापडतात. सुरुवात जोरदार करा, पहिली संधी सोडू नका, आणि मन चिवट राहावं म्हणून एखादी नकोशी वाटणारी छोटी गोष्ट दररोज किंवा दिवसाआड मुद्दाम करा. याच प्रकरणात तो नियमही आहे, ज्यानं पुढे असंख्य लोकांना छळलं : नवी सवय पक्की रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका. दोऱ्याचा गुंडा गुंडाळताना एकदा हातातून सुटला, तर कितीतरी वेढ्यांची मेहनत उलगडून जाते, असा दाखला तिथे दिला आहे. पण या नियमाला आधार घेतला आहे तो चांगल्या आणि वाईट सवयींच्या झगड्याचा, आणि लगेच पुढची चर्चा आहे दारू आणि अफू सोडण्याची. व्यसन सोडणाऱ्यासाठी एक घोट खरोखर महागात पडू शकतो. रोज पानभर लिहू पाहणाऱ्याचा एक दिवस चुकणं ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना एकच नियम लागू झाला आणि तो तसाच चालत राहिला.

१९६० साली प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या एका डॉक्टरनं लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान सुमारे २१ दिवस लागतात. विषय होता मनातली स्वतःची प्रतिमा बदलण्याचा. सांगोवांगी आधी ‘सुमारे’ गळालं, मग ‘किमान’ गळालं, आणि ‘२१ दिवसांत सवय लागते’ एवढंच उरलं.

या आकड्याला खरं आव्हान मिळालं २००९ मध्ये. लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा हालचालीची एक साधी कृती निवडायला सांगितली. ती रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून ८४ दिवस करायची होती. कृती विचार न करता आपोआप घडू लागायला लागलेल्या दिवसांची मध्यमा, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागले असा मधला आकडा, निघाली ६६. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत संशोधकांचा अंदाज २५४ पर्यंत गेला. हा वरचा आकडा प्रयोगाच्या मुदतीच्या कितीतरी पुढचा, म्हणजे आलेख पुढे ओढून काढलेला आहे. एवढं असून आता ‘२१ नव्हे, ६६’ असं ठासून सांगितलं जातं आणि पसारा पुन्हा एका आकड्यात कोंबला जातो.

त्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष माझ्या मते दिवसांचा नाहीच. एखादी संधी हुकली तर सवय जडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. १८९० च्या त्या गुंड्याला मिळालेलं हे थेट उत्तर होतं.

ते ऐकलं मात्र गेलं नाही, कारण तोवर साखळी आली होती. कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची आणि फुल्यांची साखळी तुटू द्यायची नाही, ही युक्ती २००७ च्या सुमारास एका प्रसिद्ध विनोदवीराच्या नावावर इंटरनेटभर पसरली. ती कल्पना आपली नाही, असं त्यानं २०१४ मध्ये स्वतः सांगितलं; तोपर्यंत ॲपवाल्यांनी साखळीचा आकडा, म्हणजे सलग किती दिवस झाले तो, पडद्यावर आणून ठेवला होता. माणूस भाषा शिकण्यासाठी बसायचा आणि आकडा सांभाळण्यासाठी उठायचा.

इथे ‘सातत्य’ या शब्दाचा गुंता नीट पाहायला हवा. व्युत्पत्तीनं सतत म्हणजे अखंड, हे खरंच. पण ‘तिनं वीस वर्षं सातत्यानं रियाझ केला’ असं म्हणताना एकही दिवस चुकला नाही असा दावा कुणी करत नाही. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक दिवस चुकला तर तो खाडा. नेमच थांबला तर खंड. खाडा पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी हजर होतो. साखळीच्या हिशेबात हा फरकच नाही, तिथे प्रत्येक खाडा हा खंड असतो.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हा भेद १९८५ पर्यंत ठळक झाला होता. एकदा पाय घसरणं आणि पूर्ण परत फिरणं यांत अंतर असतं, आणि ‘आता सगळंच गेलं’ या भावनेनंच पहिल्याचं दुसरं होतं, असं तिथे मांडलं गेलं. म्हणजे ज्या क्षेत्राची उदाहरणं देऊन अपवादबंदीचा नियम मांडला गेला, त्याच क्षेत्रात तो सैलावला. २०१७ च्या एका संशोधनात तर उद्दिष्ट कठीणच ठेवून अडचणीसाठी काही राखीव सुट्ट्या दिल्या, तेव्हा लोक अधिक टिकले. साखळीवाल्या ॲपमध्येही आता एखादा दिवस चुकला तरी आकडा गोठवून ठेवायची सोय असते. साखळी रोज बिनचूक टिकत नाही, याची ती कबुलीच आहे.

२०१८-१९ नंतर छोट्या पावलांची लाट आली. रोज एक टक्का सुधारा, वर्षाला सुमारे ३८ पट व्हाल, हा चक्रवाढीचा हिशेब तेव्हापासून तोंडपाठ झाला. गणित बरोबर आहे, पण २००९ चा आलेख उलट्या वळणाचा आहे. सुरुवातीची आवर्तनं सर्वांत जास्त भर घालतात आणि पुढे रेषा सपाट होत जाते. तो आलेख कौशल्याचा नाही, आपोआपपणाचा आहे. तरी दुसऱ्या महिन्यात ‘काहीच वाढत नाही’ म्हणून खचणाऱ्याला त्या ३८ पटींपेक्षा हे वळण ठाऊक असणं गरजेचं आहे.

आपोआप नेमकं काय होतं, हा प्रश्न २०१६ च्या आसपास पुढे आला. व्यायाम करणाऱ्यांवरच्या एका अभ्यासात व्यायामाला लागण्याची सवय आणि तो पार पाडण्याची सवय वेगळी मोजली गेली. माणूस किती वेळा व्यायाम करतो याचा अंदाज पहिलीवरून येत होता, दुसरीवरून नाही. लेखन, ध्यान, वाद्यवादन या गोष्टी आपोआप व्हाव्यात अशी अपेक्षाच नाही. त्यांना रोज जागं लक्ष लागतं. सवयीचं व्हायचं असतं ते वही उघडणं, आसनावर बसणं, वाद्य गवसणीतून काढणं. ‘फक्त दोन मिनिटं करा’ या सल्ल्याची सगळी ताकद या उंबरठ्यापाशी आहे, आणि खाड्यानंतरच्या दिवशी माणसाला पुन्हा ओलांडायचा असतो तोही एवढाच उंबरठा.