इलियडच्या रोज सात ओळी

होमरच्या ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याची प्रस्तावना बरोबर सात ओळींची आहे. पहिला शब्द ‘मेनिन्’, म्हणजे क्रोध. सातव्या ओळीत भांडणारे दोघे शेजारी शेजारी उभे आहेत: आत्रेउसचा पुत्र नरपती (म्हणजे अगामेम्नोन) आणि तेजस्वी अकिलीस. मूळ ग्रीकमधून वाचायला बसले तेव्हा पहिल्या दिवशी मला तेवढ्याच जमल्या. जवळजवळ प्रत्येक शब्दाला कोश उघडावा लागत होता. मग तेच माप ठरवून टाकलं: रोज सात ओळी, आधी मोठ्याने, मग कोश घेऊन, मग पुन्हा मोठ्याने.

काव्याचे सर्ग 24, ओळी 15,693. भागाकार केला तर 2,242 दिवस होतात. एकही दिवस चुकला नाही तर सहा वर्षं आणि वर पन्नासेक दिवस. (माझे चुकतात. म्हणून मी वाचनाचे दिवस मोजते, कॅलेंडरचे नाही.) आकडा ऐकला की लोक विचारतात, इतकं हळू वाचलं तर मागचं विसरायला होत नाही का? होतं. पण असं थोडं थोडं विसरणंच शिकण्याच्या कामी येतं, हे स्मरणशक्तीच्या अभ्यासातून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दिसून आलं आहे.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. आधी माहीत असलेल्या शब्दांची मदत होऊ नये म्हणून त्याने सुमारे 2,300 निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या माळा केल्या आणि त्या पाठ केल्या. बारा गटांची माळ एकाच दिवशी 68 वेळा घोकली की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाठ करणं जितकं सोपं जायचं, तितकंच सोपं तीन दिवसांत विभागलेल्या अवघ्या 38 आवर्तनांनी जायचं. मेहनत जवळपास निम्मी, फळ तेच. आपल्याकडे वेदपाठशाळेत संथा देतात ती रोज थोडी थोडीच का देतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत बरंचसं सापडतं.

असं का होतं? एक गोष्ट बऱ्यापैकी पक्की आहे. आठवण बाहेर काढण्याचा प्रयत्न हाच आठवण घट्ट करतो. नुकतंच वाचलेलं लगेच पुन्हा वाचलं तर डोक्याला काही शोधावंच लागत नाही. मध्ये दिवस गेले, शब्द अर्धवट पुसला गेला, आणि मग तो ‘कुठेतरी पाहिलाय’ म्हणून धुंडाळावा लागला, तर तो खोल रुजतो. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. शिवाय मधल्या रात्रींची झोपही काम करत असते. दिवसा मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात उमटलेल्या अनुभवांची झोपेत उजळणी होते आणि ते हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात टिकाऊ रूपात जमा होतात. सात ओळींनंतर एक रात्र मिळणं आणि सातशे ओळींनंतर एक रात्र मिळणं, यात फरक पडणारच.

आता इलियडची गंमत बघा. पहिल्या सर्गाच्या 84व्या ओळीत ‘तोन् द'अपमेइबोमेनोस् प्रोसेफे’ असे शब्द येतात, म्हणजे ‘त्याला उत्तर देत म्हणाला’. पुढे नाव: चपळ पायांचा अकिलीस. रोज सात ओळींच्या हिशेबाने हा 12वा दिवस. हाच तुकडा 130व्या ओळीत पुन्हा येतो, या वेळी बोलणारा आहे सत्ताधीश अगामेम्नोन. तो 19वा दिवस. मग 215, 285 आणि 560 या ओळींत, म्हणजे 31व्या, 41व्या आणि 80व्या दिवशी (215 आणि 560मध्ये फक्त ‘तोन्’च्या जागी ‘तेन्’, म्हणजे ‘तिला’). शेवटच्या खेपेला मेघ गोळा करणारा झ्यूस बोलतो. मधली अंतरं काढली तर सात, बारा, दहा आणि एकोणचाळीस दिवस! शब्द पाठ करून घेणारी आजची मोबाइल अ‍ॅप हेच करतात, शब्द विसरत आला की पुन्हा समोर ठेवतात आणि अंतर वाढवत नेतात. इथे ते काम काव्यच करतं. 12व्या दिवशी मला त्या ओळीला वीस मिनिटं लागली होती. 80व्या दिवशी ती ओळखीच्या आवाजासारखी कानावर आली आणि माझी नजर थेट पुढच्या नावावर गेली.

ही पुनरुक्ती वाचकासाठी रचलेली नव्हती. ती गाणाऱ्यासाठी होती, हे दाखवून दिलं मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने. त्यासाठी आधी छंद बघायला हवा. इलियडचं वृत्त सहा गणांचं. मूळ गण गुरू-लघू-लघू, म्हणजे आपला शाळेतला ‘भ’ गण, भास्कर. त्यातल्या दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो; मात्रा तेवढ्याच राहतात. शेवटचा गण दोनच अक्षरांचा. मराठी कानाला हे अजिबात परकं वाटत नाही, आणि ग्रीक शिकणाऱ्या मराठी माणसाने या हक्काच्या शिदोरीवर विसंबायला काहीच हरकत नाही.

पॅरीने 1928 साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात विशेषणांचा हिशेब मांडला. ओळीत शेवटची पाच अक्षरं भरायची असतील तर ‘दिओस् अखिल्लेउस्’, तेजस्वी अकिलीस. सात हवी असतील तर ‘पोदास् ओकुस् अखिल्लेउस्’, चपळ पायांचा. आठ हवी असतील तर ‘पोदार्केस् दिओस् अखिल्लेउस्’. एका मापाच्या जागेसाठी सहसा एकच तयार तुकडा. म्हणूनच पहिल्या सर्गाच्या 488-489व्या ओळींत रागाने जहाजांपाशी बसून राहिलेला अकिलीसही ‘चपळ पायांचा’च असतो. घाईने वाचणाऱ्याला ही चूक वाटते. हळू, मोठ्याने वाचलं की कळतं, ओळीला तिथे तेवढ्याच मापाचा दगड हवा होता.

पॅरी तिथे थांबला नाही. असं काव्य रचणारे जिवंत शाहीर शोधायला तो 1933 साली आणि पुन्हा 1934-35 मध्ये युगोस्लाव्हियात गेला. तिथले गायक गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर वीरगाथा गात. त्याने त्या अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. त्या आज हार्वर्डमध्ये जपलेल्या आहेत. 1935 मध्ये त्याला अव्दो मेजेदोविच हा शेतकरी भेटला. लिहिता-वाचता न येणारा. त्याने बारा हजारांवर ओळींची एक गाथा सांगितली, म्हणजे जवळपास होमरच्याच दुसऱ्या महाकाव्याएवढी, ‘ओडिसी’एवढी. दुसऱ्या गायकाचं सव्वादोन हजार ओळींचं, स्वतःला नवं असलेलं गाणं त्याने एकदा ऐकलं आणि लगेच सहा हजारांवर ओळींत फुलवून गायलं. तयार तुकडे ओठांवर असल्याशिवाय हे शक्यच नाही. आपल्या मनात एका वेळी चारेक गोष्टीच धरून ठेवता येतात; पण ‘त्याला उत्तर देत म्हणाला चपळ पायांचा अकिलीस’ ही अख्खी ओळ एकच गोष्ट होऊन बसली, तर बाकीची जागा कथेला मोकळी राहते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या 33व्या वर्षी, बंदुकीची गोळी लागून पॅरी गेला. पुढचं काम त्याचा सहायक अल्बर्ट लॉर्ड याने पूर्णत्वाला नेलं.

हळू वाचण्याने आणखी एक गोष्ट ऐकू येते, जी कागदावर लिहिलेलीच नाही. त्यासाठी पहिल्या दिवसाची सातवी ओळच पुरते. तिच्यात ‘ते’ (म्हणजे ‘आणि’) आणि ‘अनक्स’ (म्हणजे राजा) हे शब्द लागून येतात. ग्रीकमध्ये पुढे स्वर आला की आधीच्या शब्दाच्या शेवटचा असा ऱ्हस्व स्वर बहुधा गळतो. इथे तो गाळला तर गणात एक लघू कमी पडतो आणि ओळ लंगडते. अशी ठिकाणं इलियडमध्ये जागोजागी आहेत. अठराव्या शतकात रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडिताच्या लक्षात आलं की या शब्दांच्या सुरुवातीला पूर्वी ‘व’ होता. ‘अनक्स’ मूळचा ‘वनक्स’. बोलीतून व गेला, पण त्याची जागा छंदाने राखून ठेवली. मग 1952 साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने ‘लिनियर बी’ ही लिपी वाचली. क्रीट आणि पायलॉस इथल्या, होमरच्याही शेकडो वर्षं आधीच्या मातीच्या पाट्यांवर राजासाठी शब्द होता ‘व-न-क’. ज्यांनी ही पाटी कधी पाहिली नव्हती, त्यांनी केवळ वृत्त मोजून तो ‘व’ दोनशे वर्षं आधी ऐकला होता. भाषाशास्त्रातला इतका सुंदर पडताळा मला दुसरा माहीत नाही.

हा ‘व’ परत ठेवला की आपली माणसं भेटू लागतात. ‘मला माहीत आहे’ यासाठी होमरचा शब्द ‘ओइदा’, मूळ ‘वोइदा’, संस्कृतात ‘वेद’. शब्द किंवा बोल यासाठी ‘एपोस्’, मूळ ‘वेपोस्’, संस्कृतात ‘वचस्’. युरोपीय भाषांत महाकाव्याला जे नाव पडलं ते याच ‘एपोस्’वरून. आणि नवव्या सर्गाच्या 413व्या ओळीत अकिलीस म्हणतो की इथे राहून लढलो तर घरी परतणं संपलं, पण ‘क्लेओस् आफ्थितोन्’ मिळेल, न झिजणारी कीर्ती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, नवव्या सूक्तात, ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’ हीच जोडी आहे. क्लेओस् आणि श्रवस् एकाच धातूपासून आलेले. कीर्ती म्हणजे जे ऐकू येतं ते. आडालबेर्ट कून या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1853 साली हे साम्य दाखवलं. ती ओळ माझ्या 771व्या दिवसाची पहिली ओळ होती. त्या दिवशी मी पुढच्या सहा वाचल्या नाहीत.

सध्या मी तेराव्या सर्गात आहे. पुढचं एक ठिकाण मात्र आधीच मोजून ठेवलं आहे. ‘पहाटे जन्मणारी, गुलाबी बोटांची उषा जेव्हा प्रकटली’ ही प्रसिद्ध ओळ ओडिसीत वारंवार येते. इलियडमध्ये तशीच्या तशी दोनदाच. एकदा पहिल्या सर्गात, 477वी, माझा 69वा दिवस. तेव्हा बंदी केलेल्या क्रिसेईसला तिच्या बापाकडे पोचवून ग्रीकांचं जहाज परत निघतं. दुसऱ्यांदा शेवटच्या सर्गात, 788वी, जेव्हा ट्रॉयचे लोक आपला वीर हेक्टर याच्या चितेभोवती जमतात. तो 2,240वा दिवस असेल, शेवटून तिसरा. दोन उषांमध्ये 2,171 दिवसांचं अंतर. तिच्या अर्थासाठी कोश उघडावा लागेल असं मला वाटत नाही.